परीक्षा ‘रिटेक’ कोण करतो?

प्रश्न : माझा भाचा जळगावला महाविद्यालयात शिकतो. आजारपणामुळे त्याचा एक पेपर बुडाला, म्हणून त्याने प्राचार्यांना इंग्रजीत अर्ज केला : ‘आय रिक्वेस्ट यू टू रिटेक माय एक्झाम.’ कार्यालयाने ‘वाक्य चुकले आहे’ एवढेच सांगून अर्ज परत केला. शब्दकोशात ‘रिटेक’चा अर्थ ‘पुन्हा घेणे’ असा दिलेला आहे, मग चूक कोठे झाली? शिवाय हाच शब्द किल्ल्यांच्या संदर्भातही वाचनात आला, तो कसा?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्या भाच्याने शब्द योग्य निवडला, पण त्या क्रियेचा कर्ता बदलला. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ आणि महाविद्यालय ती ‘घेते’. इंग्रजीत नेमके उलटे आहे : परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी, आणि ती भरवणाऱ्या संस्थेसाठी ‘होल्ड’ किंवा ‘कंडक्ट’ ही क्रियापदे वापरतात. त्यामुळे ‘माझी परीक्षा पुन्हा घ्यावी’ हे आपले निर्दोष मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले, की त्याचा अर्थ ‘प्राचार्यांनी माझ्या परीक्षेला पुन्हा बसावे’ असा होतो. ही चूक मला खान्देशातल्या मुलांच्या अर्जांत इतक्या वेळा आढळली आहे की तिला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मुले मराठी व्याकरणाशी प्रामाणिक राहूनच चुकतात, आणि म्हणूनच कार्यालयाने अर्ज परत करताना दोन शब्दांत कारण सांगायला हवे होते.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘नीट’ प्रवेश परीक्षेतील वाढीव गुण रद्द झाल्यावर १५६३ उमेदवारांसाठी २३ जून २०२४ रोजी फेरपरीक्षा ठेवण्यात आली, आणि त्यांपैकी ८१३ जण तिला बसले. परीक्षा पुन्हा ‘कंडक्ट’ केली ती परीक्षा यंत्रणेने. ‘रिटेक’ केली ती केवळ त्या ८१३ जणांनी.

ब्रिटनमध्ये याच अर्थी ‘रीसिट’ हा शब्द अधिक रूढ आहे, आणि आपण ‘परीक्षेला बसणे’ म्हणत असल्यामुळे तो मराठी माणसाला लवकर उमगतो. तेथील काही विद्यापीठे मात्र नुसता पेपर पुन्हा देणे आणि तासांना बसून विषयच पुन्हा करणे यांत भेद करतात व त्यांसाठी वेगवेगळे शब्द योजतात, तेव्हा परदेशातून आलेले पत्र वाचताना त्या विद्यापीठाची नियमावली पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडची ‘एटीकेटी’ ही यांपैकी कशाचाच प्रतिशब्द नव्हे. विषय राहिला असतानाही पुढच्या वर्गात बसण्याची ती मुभा आहे. तो राहिलेला विषय सोडवण्यासाठी जो पेपर द्यावा लागतो, तो ‘रिटेक’.

आता किल्ल्यांविषयी. ‘रि’ या उपसर्गात ‘पुन्हा’ आणि ‘माघारी’ असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांपैकी कोंढाणा १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी प्राण देऊन स्वराज्यात आणला, त्याला इंग्रजीत ‘रिटेक’ म्हणता येते, कारण किल्ला आधी आपला होता, मध्यंतरी गेला आणि माघारी आला. खान्देशच्या फारुकी सुलतानांचा असीरगड अकबराने १६०१ मध्ये घेतला, तेथे मात्र केवळ ‘टेक’ हेच क्रियापद योग्य ठरते, कारण तो गड त्यापूर्वी अकबराच्या ताब्यात नव्हता.

मराठीतला ‘परत’ हा शब्दही असाच दुहेरी आहे, हे मला फार मोलाचे वाटते. ‘त्याने पेपर परत दिला’ या वाक्यातून त्याने पेपर पुन्हा लिहिला की पर्यवेक्षकांच्या हाती माघारी दिला, हे संदर्भावाचून कळत नाही. म्हणून किल्ला ‘परत घेतला’ असे खुशाल लिहावे. परीक्षेच्या बाबतीत मात्र ‘पुन्हा दिली’ असे लिहिणे अधिक नि:संदिग्ध आहे.

चित्रीकरणातला ‘रिटेक’ आपल्या परिचयाचा आहेच : तेच दृश्य पुन्हा टिपणे. भूतकाळात या क्रियापदाची रूपे ‘रिटुक’ आणि ‘रिटेकन’ अशी होतात, ‘रिटेक्ड’ असे रूप नाही. नाम म्हणून उच्चारताना आघात ‘रि’वर येतो आणि क्रियापद म्हणून उच्चारताना ‘टेक’वर.

आपल्या भाच्याने अर्जात आता असे लिहावे : ‘प्लीज अलाऊ मी टू रिटेक द एक्झाम.’ मात्र तो आजारपणामुळे त्या पेपरला मुळीच बसला नसेल, तर ‘रिटेक’ऐवजी ‘टेक’ लिहून पुढे ‘ऑन अनदर डेट’ हे शब्द जोडावेत आणि अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे.