झेडएक्स स्पेक्ट्रमला काढता-घालता येणारा बाहेरचा कीबोर्ड जोडता येईल का?

घरातल्या जुन्या ४८ के (४८ किलोबाइट मेमरीच्या) झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाला, मूळ खोक्याला भोक न पाडता, मेकॅनिकल स्विचांचा सुटा कीबोर्ड जोडता येईल का, असा आपला प्रश्न आहे. येईल, मी स्वतः तसा केला आहे. स्विच आणि सोल्डरिंग यांत फारसे काही अडत नाही, अडते ते केबलच्या लांबीपाशी.

१९८२ साली आलेल्या या संगणकाच्या कीबोर्डात एकही चिप नाही. ४० कळांची ८ ओळी आणि ५ स्तंभांची जाळी आहे. ओळींच्या ८ तारा एकेका डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) झेड८० प्रोसेसरच्या ए८ ते ए१५ या ॲड्रेस लाइनांना मिळतात आणि स्तंभांच्या ५ तारा यूएलए या कीबोर्ड वाचणाऱ्या चिपकडे जातात. (भारतात डेसिबेल्स कंपनीने परवान्याने विकलेला डीबी स्पेक्ट्रम हा मुळात स्पेक्ट्रम प्लस, त्याच्या कळा ५८ दिसल्या तरी जाळी हीच.) म्हणजे एकूण १३ तारा. त्या बोर्डाच्या खालच्या बाजूने सोल्डर करून, मागच्या एक्स्पान्शनच्या खाचेतून चपटी रिबन केबल बाहेर काढावी आणि तिच्या टोकाला १५ पिनांचा डी कनेक्टर लावावा. मेम्ब्रेनच्या, म्हणजे मूळ कीबोर्डातल्या पातळ प्लास्टिक पटलाच्या, पट्ट्या सॉकेटमधून सरळ वर ओढून काढाव्यात. वय झालेली पट्टी वाकवली की तडकते.

आता केबलविषयी. मी पहिल्यांदा हौसेने दीड मीटर केबल लावली, तर क्यू दाबल्यावर मधूनच ए उमटू लागला. दोन्ही कळा एकाच स्तंभावर आहेत, हे लक्षात आल्यावर कोडे सुटले. क्यू दाबलेला असेपर्यंत तो स्तंभ ए१० या लाइनबरोबर सतत खाली-वर होत राहतो. ए ची ओळ वाचायची वेळ येते तेव्हा त्याला पुन्हा वर खेचण्याचे काम एकटा १० किलोओहमचा रेझिस्टर करतो आणि केबल लांब असली की तिच्या कपॅसिटन्समुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) हे वर येणे रेंगाळते. ३.५ मेगाहर्ट्झवर पोर्ट वाचण्याला जेमतेम १.१ मायक्रोसेकंद मिळतात, तेवढ्यात स्तंभ वर आला नाही तर न दाबलेली कळ दाबल्यासारखी वाचली जाते. केबल ४० सेंटिमीटरवर आणल्यावर हा त्रास थांबला. लांब केबल हवीच असेल तर संगणकाच्या बाजूला एमटी८८१६ ही स्विचांची चिप आणि एक मायक्रोकंट्रोलर बसवावा व बाहेर पीएस/२ (जुन्या पीसीचा) कीबोर्ड लावावा. पण मग ते निराळेच काम होते.

प्रत्येक कळीला डायोड लावण्याचा मोह टाळावा. ओळीवर एक डायोड आधीच आहे. त्यात दुसऱ्या सिलिकॉन डायोडची भर पडली की दाबलेली कळ दाखवणारी शून्याची पातळी हवी तितकी खाली उतरत नाही. लावायचाच असेल तर कमी व्होल्टेज खाणारा शॉट्की डायोड लावावा.

तपासणीसाठी बेसिकमध्ये PRINT AT 0,0; IN 65278 ही ओळ GO TO ने फिरवत ठेवावी. कॅप्स शिफ्ट, झेड, एक्स, सी आणि व्ही दाबल्यावर पडद्यावरचा आकडा अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ ने कमी झाला पाहिजे. भलताच फरक दिसला तर तारांची अदलाबदल झालेली असते. कनेक्टर मात्र वीज बंद करूनच काढावा-घालावा, कारण स्तंभांच्या तारा यूएलएपर्यंत जातात आणि ती चिप आता नव्याने बनत नाही.