प्रेसच्या ओ-रिंग वारंवार जातात, कोणत्या कंपनीच्या घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की 200 बारच्या हायड्रॉलिक प्रेसच्या ग्लँडवरची (सिलिंडरच्या नळीच्या, म्हणजे ट्यूबच्या, तोंडात बसणाऱ्या झाकणावरची) ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी गोल रबरी रिंग, दीड-दोन महिन्यांत गळायला लागते, तर कंपनी कोणती चांगली. कंपनी बदलून हे थांबेल असं मला वाटत नाही. काढलेली रिंग फेकू नका. तेलाची बाजू कोणती होती ते तिला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा.

आमच्या एका प्रेसवर हेच चाललं होतं. रिंग नायट्राइल रबराची, 5.33 मिमी जाड, 70 शोअर (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप). ती गेली की पर्चेस आणखी महागाची मागवायचं, आणि तीही गेली की खापर फिटरच्या डोक्यावर: बसवताना कापली. हे बहुतेक वेळा रिंग हातात न घेताच बोललं जातं, म्हणून मला त्याचा राग येतो. बसवताना कापलेली रिंग एखाद्याच जागी कापलेली असते, सरळ काप किंवा चंद्रकोरीसारखा निघालेला पापुद्रा. या रिंगेची बाहेरची, म्हणजे दाब नसलेल्या बाजूची कड पूर्ण गोलाईभर कुरतडलेली होती. हे एक्स्ट्रूजन, म्हणजे दाबाने रबर फटीत ढकललं जाणं. दाब चढला की ट्यूब किंचित फुगते, ग्लँड आणि ट्यूबमधली फट उघडते आणि रबर तिच्यात शिरतं. दाब उतरला की फट मिटते आणि शिरलेलं रबर चिमटून तुटतं. प्रत्येक स्ट्रोकला थोडं थोडं.

फट आली कुठून? आधीच्या ओव्हरहॉलमध्ये चरे घालवायला ट्यूब होन केली (आतून घासून गुळगुळीत केली) होती. बोअर (ट्यूबचा आतला व्यास) वाढला, ग्लँड मात्र जुनाच बसवला. बोअर गेज आणि मायक्रोमीटर लावल्यावर बोअर आणि ग्लँड या दोन व्यासांतला फरक 0.3 मिमी निघाला. 200 बारला 70 शोअरच्या रिंगेला 0.05 मिमीच्या आसपासच फरक चालतो. इथे फिटर काय करणार आणि महागडी रिंग तरी काय करणार?

उपाय म्हणजे वाढलेल्या बोअरच्या मापाने नवीन ग्लँड, 90 शोअरची रिंग आणि सोबत टेफ्लॉनची बॅकअप रिंग, म्हणजे ओ-रिंगला फटीत शिरू न देणारी कडक आधाराची रिंग. बॅकअप नेहमी दाबाच्या उलट बाजूला, इथे ओ-रिंग तेलाकडे आणि बॅकअप बाहेर. उलट बसवली तर ती नसल्यासारखीच. बॅकअपसाठी खाचही रुंद लागते. या जाडीला नुसत्या रिंगेची खाच साधारण 7.2 मिमी असते, एका बॅकअपसह 8.5. जुन्याच खाचेत दोन्ही कोंबल्या तर तेलाने फुगणाऱ्या रबराला जागाच उरत नाही. खोली बोअरच्या भिंतीपासून मोजून 4.3 ते 4.4 मिमी ठेवा, म्हणजे रिंग 18 टक्क्यांच्या आसपास दाबली जाते.

ट्यूबच्या तोंडाला 15 ते 20 अंशांचा चॅम्फर हवा आणि तो पॉलिश केलेला हवा. वाटेत पोर्टचं भोक असेल तर त्याची बर (धारदार कड) काढा, आटे असतील तर टेप गुंडाळा. रिंगेला सिस्टिमचंच तेल लावा, स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा.

तुमची रिंग कुरतडलेली नसून चपटी आणि कडक झाली असेल तर कारण उष्णता. नायट्राइल सतत 100 अंशांच्या वर टिकत नाही, तेव्हा आधी तेलाचा कूलर आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) बघा. फुगून मऊ झाली असेल तर स्टोअरमध्ये ईपीडीएम या दुसऱ्या रबराची रिंग मिसळली असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही काळ्या, डोळ्यांना सारख्याच, पण ईपीडीएम खनिज तेलात फुगते. शंका असेल तर एक रिंग गरम तेलात रात्रभर ठेवून सकाळी जाडी मोजा.

स्टोअरवरून आठवलं, रिंगा खिळ्याला टांगणं आजच बंद करा. टांगलेल्या जागी ताण येतो, आणि जवळ मोटर किंवा वेल्डिंग असेल तर ओझोनने तिथेच तडे जातात. आयएसओ 2230 प्रमाणे नायट्राइलचं बंद पाकिटातलं आयुष्य 7 वर्षं धरतात, व्हिटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराचं 10. म्हणून पाकिटावर क्युअरिंगची (रबर पक्कं केल्याची) तारीख, रबराचा प्रकार आणि शोअर छापणारी कोणतीही कंपनी घ्या. सुटा माल घेऊ नका.

हे सगळं खनिज तेलावरच्या प्रेससाठी. तुमच्या टाकीत फॉस्फेट एस्टरचं अग्निरोधक द्रव असेल तर नायट्राइल चालणारच नाही, तिथे ईपीडीएमच लागते. टाकीत काय भरलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते ऑर्डर देण्याआधी तपासा.