नाईट ड्युटी करणाऱ्या भाचीला पत्र

प्रिय बाळा,

सलाम.

तुझा मेसेज पहाटे पावणेपाचचा होता, म्हणजे नाईटला होतीस आणि पाचचे बीपी-टेंपरेचर सुरू व्हायच्या आधी जी दहा मिनिटं मिळतात त्यात लिहिलास. आत्या, एवढं मरमर करून हातात काय येतं गं, एवढंच विचारलंस. मी लगेच फोन उचलला होता, मग म्हटलं नको, फोनवर मी "होईल गं सगळं नीट, प्रार्थना करते" असं म्हणून मोकळी होईन आणि तुला ते पुरणार नाही. म्हणून लिहितेय. रूमवर गेलीस की आधी काहीतरी खा, झोप काढ, आणि उठल्यावर वाच.

मला समजलं ते असं, की तीन वर्षं वॉर्ड तू सांभाळलास आणि इन्चार्ज झाली ती तुझ्यानंतर दीड वर्षाने आलेली मुलगी. इन्क्रिमेंट अडकलंय. दोन महिने चर्चला रविवारच्या भक्तीला जाता आलं नाही. आणि एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण मला दिसली, की पेशंटजवळ जाताना तुला आता आतून काही वाटेनासं झालंय. मला खरी काळजी त्याची वाटते, इन्चार्जपदाची नाही.

माझ्या नर्सच्या नोकरीच्या चौथ्या वर्षातलं सांगते. अर्धांगवायूचे एक आजोबा होते, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, अंगाने जड. तेव्हा आमच्याकडे एअर बेड वगैरे काही नव्हतं. पडून पडून अंगाला जखमा, म्हणजे बेडसोर, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड, टाचा, कोपरं, खांद्याची हाडं बघायची, कुठे लाल दिसतंय का, चादर ओली झाली की लगेच बदलायची, सुरकुती राहू द्यायची नाही. रात्री मी आणि वॉर्डातल्या मावशी, दोघी मिळून वळवायचो, दहा, बारा, दोन, चार. असे अडीच महिने. डिस्चार्जच्या दिवशी मुलं आली, डॉक्टरांना हार घातला, पेढे दिले, शाल दिली, आणि ते बरोबरच होतं, जीव त्यांनीच वाचवलेला. पण आम्हा दोघींकडे कोणी वळून बघितलं नाही, आणि त्याच महिन्यात मला कायम करण्याची फाईल पण परत आलेली. मी लिनन रूममध्ये जाऊन रडले. आमच्या सीनियर सिस्टर चादरी मोजायला आल्या, मला बघितलं आणि विचारलं, "जाताना त्यांची पाठ बघितलीस का?" मी म्हटलं हो. "कशी होती?" म्हटलं, साफ होती. "मग," म्हणाल्या, आणि चादरी मोजायला लागल्या.

त्या एका "मग"वर मी पुढची नोकरी काढली. आपल्या कामाचं फळ बरेचदा न झालेल्या गोष्टींमध्ये असतं गं. बेडसोर झाला नाही, पेशंट बेडवरून पडला नाही, चुकीचं इंजेक्शन गेलं नाही, सलाईनची सुई निघून हात सुजला नाही. आता जे घडलंच नाही त्याला शाल कोण घालणार, कुठल्या अप्रेझल फॉर्ममध्ये त्याचा रकाना असतो. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो ना, की गुप्तपणे पाहणारा पिता तुला प्रतिफळ देईल, ते तो दानधर्माबद्दल बोलतोय, पण मला ते नेहमी रात्री दोनच्या वॉर्डसाठी लिहिल्यासारखं वाटत आलंय, जिथे सगळे झोपलेत, नातेवाईक पण खाली चटईवर झोपलाय, आणि तू पेशंटची कूस बदलतेयस. मी स्वतःची समजूत घालायला हे धरून ठेवलं असं कोणी म्हणेल, पण तसं नाही, मी खरंच मानते की त्या साफ पाठीला साक्षीदार होता आणि त्याच्या लक्षात आहे.

आता बायबलातलंच पौलाचं कलस्सैकरांस पत्र, अध्याय तीन. जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नको, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे तुला पाठ आहे, संडेस्कूलमध्ये याच वचनावर बक्षीस घेतलं होतंस. पण पुढची ओळ आपण भराभर वाचून जातो. प्रभूपासून तुम्हाला "वतनरूप प्रतिफळ" मिळेल. वतन. हा शब्द आमच्या आजोबांच्या कानावर पडला की ते जरा थांबायचे, कारण त्यांनी लहानपणी गावकीचं वतन बघितलेलं. आपल्या नगर जिल्ह्यातली किती ख्रिस्ती घरं महार-मांग समाजातून आली आहेत तुला माहीत आहे. महार वतन म्हणजे नावाला जमिनीचा तुकडा आणि त्याच्या बदल्यात अख्ख्या घराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामं करायची, निरोप पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची, कधी हाक येईल सांगता येत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडलं, आणि वतन कायद्याने जायला १९५८ उजाडलं. आणि पौलाने ही ओळ लिहिली कोणाला? दासांना. रोमी कायद्यात ज्याला वारसाहक्क म्हणून काहीच नव्हता, तो स्वतःच धन्याच्या मालमत्तेत मोजला जायचा, त्याला पौल सांगतो तुला वारसा मिळणार आहे, घरच्या मुलाला मिळतो तसा. आजोबा म्हणायचे, एक वतन माणसाला राबवून घेतं आणि एक वतन बाप लेकराच्या नावावर करून ठेवतो, शब्द एकच पण जमीन-अस्मानाचा फरक. मी इतकी प्रवचनं ऐकली पण या वचनावर याच्याहून चांगलं कोणी बोललेलं मला आठवत नाही.

म्हणून तू जेव्हा विचारतेस हातात काय येतं, तेव्हा मी आधी दोन गोष्टी वेगळ्या करेन. पगार वेगळा आणि प्रतिफळ वेगळं. पगार हॉस्पिटलकडून यायचा आहे, तो मागायचा, मोजून घ्यायचा, स्लिप जपून ठेवायची. प्रतिफळ प्रभूकडून यायचं आहे आणि ते हॉस्पिटल अडवू शकत नाही, कमी करू शकत नाही, दुसऱ्या कोणाला देऊन टाकू शकत नाही. आपली चूक होते ती दोन्ही एकाच खिडकीवर मागतो तिथे. मॅनेजमेंटकडून आपल्या जिवाचं मोल मागतो आणि ते देत नाहीत म्हणून आतून सुकत जातो.

आणि उलटी चूकही करू नकोस, ती आपल्या चर्चच्या मंडळीत जास्त होते. "प्रभूसाठी करतेस ना, मग पैशाचं काय एवढं" असं कोणी म्हणालं, मग ते पाळकसाहेब का असेनात, तर ऐकून घेऊ नको. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे, कामकऱ्याची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. त्याच कलस्सै पत्रात लगेच पुढे धन्यांना पण सांगितलंय की न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही वर धनी आहे. तर इन्क्रिमेंटसाठी तोंडी बोलत बसू नको, लेखी अर्ज दे, तारीख घाल, इनवर्डचा शिक्का घेऊन कॉपी ठेव. तुला माहीत असावं म्हणून सांगते, २०१६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर केंद्र सरकारने समिती नेमली होती, तिने म्हटलंय की खासगी हॉस्पिटलमध्ये २०० च्या वर बेड असतील तर नर्सला त्या राज्यातल्या सरकारी नर्सइतका पगार असावा आणि ५० पेक्षा कमी बेडचं असलं तरी २०,००० च्या खाली नको. ती शिफारस आहे, रोज कोण पाळतंय ते आपण बघतोच, पण बोलताना हातात काहीतरी असावं. आणि ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्याकडे ठेवली असतील तर ती आधी काढून घे, त्यात भिडस्तपणा नको.

ती जी इन्चार्ज झाली तिच्याबद्दल थोडंच लिहिते. येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळी आलेल्यांना पण पूर्ण दिवसाची मजुरी मिळते आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात, हे तुला कोणीतरी नक्की ऐकवेल. मी नाही ऐकवणार, कारण तो मळेवाला देव आहे आणि तुमची मॅनेजमेंट देव नाही, त्यांचा पक्षपात हा पक्षपातच. फक्त तिला हँडओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना पेशंटची सगळी माहिती, नीट देत जा. ती पण पंचविशीतलीच पोर आहे आणि सतरा पेशंटची जबाबदारी डोक्यावर आली की किती भीती वाटते हे आपल्याला माहीत आहे, आणि हँडओव्हरमध्ये सुटलेल्या गोष्टीची किंमत तिला नाही, पेशंटला मोजावी लागते.

मला आज तुला मुख्य सांगायचंय ते पंडिता रमाबाईंचं. आपण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला गेलो होतो तेव्हा तू फार लहान होतीस, बाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनच्या आवारात चिंचेखाली डबा खाल्ला एवढंच तुला आठवत असेल. मी आधी विद्यार्थिनी असताना तिथे रिट्रीटला गेले होते आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, केडगावला त्यांना ठेवलं, लिहायला-वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं. एवढं काम माणसाला एका जन्माला पुरे. पण पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक धरलं, कारण त्यांना अख्खं बायबल मूळ भाषांवरून साध्या मराठीत आणायचं होतं, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजेल असं. कित्येक वर्षं ते चाललं. छापखाना तिथलाच, टाइप जुळवणाऱ्या बायका तिथल्याच, ज्यांना समाजाने कोपऱ्यात टाकलेलं त्या बायका शिशाची अक्षरं जुळवून देवाचं वचन छापत होत्या. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला बाई गेल्या. आणि संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ ला. म्हणजे बांधलेलं पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही.

एवढ्यावर थांबलं तर गोष्ट सोपी होते, बी पेरलं आणि पुढे मोठं झाड झालं असं म्हणायला आपण मोकळे. पण तू आपल्या चर्चमध्ये पुलपीटवरचं बायबल उघडून बघ, ते रमाबाईंचं नाही. घराघरात आहे ते पण बायबल सोसायटीचं. बाईंचं भाषांतर फार थोड्या लोकांनी वाचलंय. हे मला कळलं तेव्हा मला खूप लागलं होतं, एवढे कष्ट आणि शेवटी कपाटात? मी बरीच वर्षं यावर विचार करत होते आणि आता मला जे वाटतं ते असं, की ते काम ज्याला अर्पण केलं होतं त्याला ते पोचलं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाची शेवटची ओळ "प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत" अशी आहे, आणि तो अख्खा अध्याय पुनरुत्थानाचा आहे, म्हणजे पौल असं म्हणत नाही की तुमचं काम गाजेल, टिकेल, लोक वापरतील. तो म्हणतो ख्रिस्त उठला, म्हणून त्याच्यात केलेलं काही मेलेलं राहत नाही. आणि शिवाय ती अक्षरं जुळवता जुळवता ज्या बायका वाचायला शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, त्यांचं काय? ते तर कुठल्याच कपाटात ठेवता येत नाही.

तुझ्या आतून काही वाटत नाहीये त्याचं मात्र कारण मला श्रद्धेत दिसत नाही, थकव्यात दिसतं. डबल ड्युटी सलग किती झाल्या मोजल्यास का? येशूने शिष्यांना, लोकांची गर्दी असताना, जेवायला सवड नव्हती तेव्हा म्हटलं की एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. गर्दी तशीच होती तरी म्हटलं. रविवारी भक्तीला जाता येत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नको, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी आजाऱ्यांना बरं करणाऱ्याच्याच मागे आपण चालतो. पण आठवड्यात एखादा ऑफ तरी पूर्ण स्वतःचा ठेव, मोबाईल बंद, कपडे धुणं पण नको. आणि ड्युटीवर जाताना युनिफॉर्म घालताना एवढंच म्हण, प्रभू, आज यांना हात लावेन तो तुला लावल्यासारखा. मी रोज म्हणायचे. रोज काही वाटायचं असं नाही, पण हात नीट चालायचे.

ऑफ जोडून मिळाले की नगरला ये, माळीवाड्याला उतर, मी घ्यायला येते. अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन ये, दोघी बसून नीट करू.

आणि हो, मागच्या महिन्यात सात नंबरच्या आजींबद्दल लिहिलं होतंस, फक्त तुझ्याच हातून पेज घ्यायच्या त्या. घरी गेल्या का त्या? कळव.

तुझी,
आत्या