रूट कॅनलनंतरची कॅप दोन महिन्यांत निघाली, डेंटिस्ट पैसे परत देत नाही, काय करू?

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पण त्याआधी दुसऱ्या डेंटिस्टकडून एक्स-रे काढून काय चुकलंय ते लेटरहेडवर सहीशिक्क्यासकट लिहून घ्या, कारण उपचार फसला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं आयोग धरत नाही, सगळं त्या कागदावर अडतं. निघालेली कॅप डबीत जपून ठेवा, फेकू नका प्लीज! मग बिलाची झेरॉक्स जोडून पहिल्या डॉक्टरांना स्पीड पोस्टाने पत्र टाका, पंधरा दिवस द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे, उपचाराला दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीची फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. डेंटल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकतं, पैसे मिळवून देत नाही.