इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा नातू साक्स-कोबुर्ग-गोथा या जर्मन डचीचा (संस्थानाचा) ड्यूक, म्हणजे तिथला राजा, कसा झाला?

सरळ वारसाहक्काने झाला, कारण राणीचा नवरा आल्बर्ट याच घराण्यातला होता आणि तिथे गादी फक्त पुरुषवंशात जायची. आल्बर्टचा थोरला भाऊ ड्यूक एर्न्स्ट दुसरा 1893 मध्ये निपुत्रिक वारला. आल्बर्ट 1861 मध्येच गेला होता, म्हणून हक्क त्याच्या मुलांकडे आला. थोरला एडवर्ड पुढे ब्रिटनचा राजा होणार होता. त्याने 1863 मध्येच हक्क सोडल्याने धाकटा आल्फ्रेड ड्यूक झाला. आल्फ्रेडचा एकुलता एक मुलगा 1899 मध्ये वारला आणि खरा पेच इथे पडला. पुढचा हक्क आल्फ्रेडचा भाऊ आर्थर याचा होता (हाच 1886 ते 1890 मुंबई लष्कराचा सरसेनापती होता), पण त्याने आणि त्याच्या मुलाने नकार दिला. उरला त्यांचा दिवंगत धाकटा भाऊ लिओपोल्ड याचा मुलगा चार्ल्स एडवर्ड. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला हा मुलगा 1900 मध्ये, अवघ्या 16 व्या वर्षी, कार्ल एडुआर्ड या नावाने ड्यूक झाला. 1905 पर्यंत कारभार रीजंटने, म्हणजे अल्पवयीन ड्यूकच्या वतीने राज्य चालवणाऱ्याने, पाहिला. माझ्या मते या सगळ्यात अन्याय कोणावर झाला असेल तर या पोरावर, कारण मोठ्यांनी नाकारलेली गादी त्याच्या गळ्यात पडली.

एक मात्र लक्षात घ्या: यामुळे डची ब्रिटनची झाली नाही. ती जर्मन साम्राज्याचेच घटकराज्य राहिली. पहिल्या महायुद्धात कार्ल जर्मनीच्या बाजूने राहिला, 1918 मध्ये त्याची गादी गेली आणि 1919 मध्ये ब्रिटिश किताबही काढून घेतले गेले.