टोकबोक्की चिवट का लागते?

प्रश्न : शहरातल्या नव्या कोरियन हॉटेलात टोकबोक्की मागवली. लाल रश्श्यात पांढऱ्या कांड्या होत्या. चावून चावून जबडा दुखला. वेटर म्हणाला, ‘अशीच असते.’ खरंच?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चिवट असते, पण जबडा दुखेल इतकी नाही. त्या कांड्या तांदळाच्या पिठाच्या. पीठ वाफवून, मळून, लांब वळून कापतात. (काही ठिकाणी गव्हाच्याही मिळतात.) दाताखाली आधी दबायला हवी, मग सहज तुटायला हवी. मधे कडक गाठ लागली, तर फ्रिजमधल्या कांड्या न भिजवताच रश्श्यात टाकल्या असं समजा. त्या आधी वीसेक मिनिटं पाण्यात ठेवाव्या लागतात.

सगळी कांडी एकसारखी घट्ट लागली, तर ती गार झालेली आहे. शिजलेल्या तांदळातला स्टार्च थंड होताना पुन्हा आवळतो. रात्रीचा भात फ्रिजमध्ये टणक होतो तसंच. अशा वेळी ताटली परत गरम करून मागायला संकोच नको. पार्सल असेल तर पाव वाटी पाणी घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवा, मऊ होते. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना मात्र बारीक तुकडे करूनच द्या. चिकट घास घशात अडकू शकतो. कोरियात जेवणाच्या टेबलावर कात्री चालते, इथेही बिनधास्त मागा.

रस्साही बघा. चकचकीत, कांडीला धरून राहणारा, गोड-तिखट असावा. आंबट लागला आणि टोमॅटोचा वास आला, तर केचप आणि शेजवान सॉसवर भागवलेलं आहे. त्याचे पैसे कोरियन पदार्थाचे देऊ नयेत, असं आमचं मत.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. मेनूवर हिरवा ठिपका आहे, तेवढं पुरे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. तीन गोष्टी विचारा. रस्सा कशाचा आहे? मूळ पद्धतीत तो सुक्या छोट्या मासळीचा आणि समुद्री शेवाळाचा असतो. त्यात चपटे, तपकिरी तुकडे कसले? ते बहुतेक वेळा मासळी वाटून, पिठात मळून केलेल्या गोळ्याचे असतात. आणि सोबतची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं: तिच्यात फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी घालण्याची रीत आहे. त्यामुळे ‘नुसती कोबीच आहे’ या उत्तरावर थांबू नका. गोचुजांग ही लाल पेस्ट मात्र सहसा मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन आणि मीठ यांची. आपल्याकडे शिवारभर पिकणारं सोयाबीन तेल-पेंडीला जातं, तिकडे ते असं मुरवून वर्षभर पुरवतात. गव्हाची ॲलर्जी असेल तर डब्यावरची यादी वाचा, पुष्कळ ब्रँडमध्ये गहू असतो.

प्रश्न : घरी करायची झाली तर प्रमाण काय? तिखट किती होईल?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : दोघांसाठी २५० ग्रॅम कांड्या, दीड कप पाणी, दोन मोठे चमचे गोचुजांग, एक मोठा चमचा साखर, एक मोठा चमचा सोया सॉस. पाण्यात पेस्ट आधी पूर्ण विरघळवा, गाठी ठेवू नका. उकळी आली की भिजवून निथळलेल्या कांड्या सोडा. आठ-दहा मिनिटं मध्यम आच, आणि तळ सतत हलवत राहा. साखर आणि पेस्टमधला तांदूळ यांनी रस्सा एकदम दाटतो व खाली लागतो; जळका वास आला की तो काही केल्या जात नाही. कांद्याची पात आणि भाजलेले तीळ वरून. सोया सॉस खारट असतो, मीठ शेवटी चाखून.

तिखटाचं म्हणाल तर ठेच्याची सवय असलेल्याला गोचुजांग गोडसरच वाटेल. जोर हवा असेल तर पेस्ट वाढवू नका, तिने गोडी आणि खारटपणाही वाढतो. लाल तिखट अर्धा चमचा जास्त घाला.