२४ सप्टेंबर आणि देवे गोरोदे

प्रश्न : न्यू कॅलेडोनियाच्या सांस्कृतिक खात्याच्या माजी मंत्री देवे गोरोदे तरुणपणी तुरुंगात होत्या, असं वाचलं. तो प्रदेश तर आजही फ्रान्सचाच. मग ज्या सत्तेशी त्या भांडल्या, तिच्याच मंत्री कशा झाल्या? मनाला पटत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची बोच मला कळते. मी तीस वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवलं, पण वर्गातल्या नकाशावर ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या त्या लांबट बेटावर एकदाही बोट ठेवलं नाही. निवृत्तीनंतर गोरोदेंच्या कविता हाती आल्या. काहींच्या खाली लिहिलं होतं : कांप-एस्त, १९७४. हा बेटाची राजधानी नूमेआ, तिथला तुरुंग. ती ओळ वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

फ्रान्सने हे बेट २४ सप्टेंबर १८५३ रोजी घेतलं. तिथले मूळ रहिवासी म्हणजे कनाक. दरवर्षी याच तारखेला नूमेआत विजयाचा सोहळा व्हायचा. पोनेरिउएनच्या खोऱ्यात वाढलेली आणि फ्रान्समध्ये माँपेलिएला साहित्य शिकून परतलेली गोरोदे त्या सोहळ्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये होती. सोबत्यांना शिक्षा झाली तेव्हा हिने कोर्टातच ठिय्या दिला आणि आत गेली. वय होतं पंचवीस.

आता तुमच्या शंकेबद्दल. त्या फ्रान्सच्या मंत्री कधीच नव्हत्या. बरंच रक्त सांडल्यावर ५ मे १९९८ला फ्रान्स आणि बेटावरचे नेते यांच्यात नूमेआ करार झाला. वसाहतकाळातल्या अन्यायाची कबुली त्यात लेखी आहे. लष्कर, न्यायालयं, चलन पॅरिसकडे राहिलं. बाकी कारभार टप्प्याटप्प्याने बेटावर आला. तिथली ५४ जणांची काँग्रेस, म्हणजे तिथलं विधिमंडळ, सरकार निवडते, तेही पक्षांच्या बळाच्या प्रमाणात. म्हणून स्वातंत्र्य मागणारे आणि फ्रान्ससोबत राहू पाहणारे एकाच टेबलाशी बसतात. गोरोदे त्या टेबलाशी १९९९ला बसल्या त्या २०१९पर्यंत. सरकारं पडली, नवी आली, पण त्या होत्याच. २००१ ते २००९ त्या उपाध्यक्ष होत्या. २००४ साली अध्यक्षपदी मारी-नोएल तेमरो आल्या, त्या विरुद्ध गोटातल्या. म्हणजे वरची दोन्ही पदं बायकांकडे. आपला स्वातंत्र्यवादी पक्ष गोरोदेंनी सोडला नाही, स्वातंत्र्याची मागणीही नाही. याला शरण जाणं म्हणायला मी तयार नाही.

मला त्यांचं मोठेपण भाषेच्या कामात दिसतं. न्यू कॅलेडोनियात कनाकांच्या २८ भाषा आहेत. गोरोदेंची पाइची. १९८५च्या आसपास कनाकांनी सरकारी शाळांवर बहिष्कार घालून गावोगावी स्वतःच्या शाळा काढल्या, तेव्हा गोरोदे पोरांना पाइचीतून शिकवत होत्या. पुढे विद्यापीठातही त्यांनी पाइची शिकवली. त्या सरकारात असतानाच, २००७ साली, कनाक भाषांची अकादमी उभी राहिली. ज्या भाषेत बापाने रात्री गोष्टी सांगितल्या, ती भाषा शाळेत चालत नाही, हे पोराला किती लागतं ते मी वर्गात बघितलंय. आमच्याकडे कोकणातून, मेळघाटातून आलेली मुलं तोंड उघडायला महिने घ्यायची.

आणि लेखन? तेही सोडलं नाही. २००५ला त्यांची कादंबरी आली, कनाक लेखणीतून उतरलेली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. आपल्याच समाजात बाईवर होणारा अत्याचार त्यांनी त्यात उघडा केला. मंत्रिपदावर बसून स्वतःच्या माणसांबद्दल हे लिहायला छाती लागते. सरकारी कागदांवरचं आडनाव आणि पुस्तकांवरचं आडनाव फ्रेंचमध्ये त्या वेगवेगळं लिहायच्या; देवनागरीत मात्र दोन्ही ‘गोरोदे’च.

१४ ऑगस्ट २०२२ला त्या गेल्या. मंत्रिपदाच्या शेवटच्या वर्षांत संस्कृती आणि महिलांच्या प्रश्नांबरोबर नागरिकत्वाचं खातंही त्यांच्याकडे होतं. आणि नूमेआत २४ सप्टेंबर आता पाळला जातो तो नागरिकत्वाचा दिवस म्हणून.